भाईजानचा जिक्र चालू आहे

भाईजानशी काही बोलायचं असेल तर त्यांच्या तोंडात घास असताना बोलावं, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तोंड रिकामं झालं की ते जिक्रात, म्हणजे अल्लाच्या नामस्मरणात जात. उजवा हात खिशात जायचा, मण्यांची तसबीह बाहेर यायची, डोळे अर्धे मिटायचे, ओठ हलू लागायचे. मग छत गळत असो, गिऱ्हाईक दारात बोंबलत असो, समोरच्यानं गप्प उभं राहायचं. अल्लाचं नाव घेणाऱ्याला मध्येच टोकायचं नाही, हा त्या घराचा नियम होता.

नियम अब्बांचा, असं भाईजान सांगत. खरं तर अब्बांनी नियमबियम काही केला नव्हता. ते सोफे शिवायचे आणि दाभण ओढताना मनात नाव घ्यायचे. पोराटोरांनी हाक मारली की ओ द्यायचे, काय हवं ते ऐकायचे, आणि परत दाभण हातात घ्यायचे. लोकांनाच भीड वाटायची म्हणून लोक थांबायचे. अब्बा गेल्यावर त्या भिडेचा कायदा झाला, आणि कायद्याची अंमलबजावणी ज्याच्या सोयीची होती त्याच्याकडे आली.

सोफ्यांचं दुकान तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर. खाली लाकडी सांगाडे, फोमचे तुकडे, रेक्झिनचे गठ्ठे आणि हवेत सतत तरंगणारा काथ्याचा भुसा. वर तीन खोल्या. त्यातल्या मोठ्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी जिक्राची बैठक भरे. भाईजान मधोमध, भोवती शेजारपाजारचे दहाबारा पुरुष, सगळे डोळे मिटून, एक अक्षर बाहेर न पडू देता अल्लाचं नाव आठवत. या लोकांचा जिक्र मूक. मनात घ्यायचं नाव मनातच राहिलं पाहिजे, जिभेला फार तर ओठांपर्यंत परवानगी, असं त्यांचं मत होतं.

मशिदीच्या मागच्या खोलीत दुसरी बैठक भरे. ते लोक मोठ्या आवाजात जिक्र करत, ताल धरत, डोलत, आणि रंगात आले की खिडकीच्या काचा थरथरत. दोन्हीकडे नाव एकच, नाव घेणारे एकाच मशिदीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून नमाज पढणारे, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचं तोंड पाहणं नको. मूकवाले म्हणत, या लोकांना वाटतं अल्ला बहिरा आहे. मोठ्यानं म्हणणारे म्हणत, आमचं ठीक आहे हो, पण तुम्ही नाव घेता की घोरता ते एकदा सांगा. दोन्ही पक्ष इमामांकडे जाऊन एकमेकांविरुद्ध तक्रार करत. इमाम दोघांनाही सब्र ठेवायला सांगत. सब्र सगळ्यात जास्त त्यांनाच लागत होता.

तर अशा घरात आपा राहत होती. आपा म्हणजे भाईजानची धाकटी बहीण. वयानं ते मोठे, तरी तेही तिला आपाच म्हणत. लहानपणापासून तिच्या चेहऱ्यावर कुणाची तरी थोरली बहीण असल्याचा भाव होता, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचं लग्न झालं, नवऱ्यानं दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं, तलाक झाला, आणि ती माहेरी येऊन खाली दुकानात शिवायला बसली. तात्पुरतं, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. त्या तात्पुरत्यात तिचे केस पिकायला लागले.

एकदा शिलाई मशीनची मोटर जळली म्हणून वाइंडिंगवाला आला. पंखे, पंप, मोटरी, जे काही फिरायचं थांबलं असेल त्यात तांब्याची तार नव्यानं भरून ते पुन्हा फिरवायचं, हा त्याचा धंदा. बायको वारलेली, मूलबाळ नाही, अंगानं आडवा आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. तो मशिदीमागच्या बैठकीतला. तार गुंडाळताना मोठ्यानं जिक्र करायची त्याला सवय होती, आणि आपण कुणाच्या दुकानात बसलो आहोत याचा त्यानं काही विचार केला नाही. भाईजान नेमके बाहेर गेले होते. मध्येच थांबून त्यानं आपाला विचारलं, आवाजाचा त्रास होतोय का. आपा उत्तर द्यायचंच विसरली. त्या घरात तिला कुणी काही विचारून इतका काळ लोटला होता, की विचारल्यावर पुढे काय करायचं असतं हे आठवायला तिला वेळ लागला.

त्यानंतर ती मोटर वरचेवर बिघडू लागली. भाभीचं म्हणणं, मोटर बिघडत नव्हती.

भाभी म्हणजे भाईजानची बायको. आपानं लग्नाचं तिच्या कानावर घातलं, तेव्हा ती कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. मला विचारशील तर कुणीच कुणाशी लग्न करू नये, पण मला विचारतंय कोण, असं म्हणून तिनं कामगिरी अंगावर घेतली. रात्री भाईजानच्या तोंडात मोठा घास गेला आहे असं पाहून तिनं सगळं एका दमात सांगितलं. वाइंडिंगवाल्यानं मागणी घातली आहे. आपा तयार आहे. त्याची बहीण लांबून आली आहे, पुढच्या शनिवारी परत जाणार, त्याआधी शुक्रवारी निकाह व्हावा असं त्यांचं म्हणणं. बहिणीला परत सुट्टी कधी मिळेल सांगता येत नाही. यापूर्वी ती आली होती ती भावजयीच्या मयतीला.

भाईजाननी तो घास इतका वेळ चावला की भाभीला वाटलं, आता ते गिळणारच नाहीत. मग गिळला.

"त्या ओरडणाऱ्यांच्यात?" ते म्हणाले, आणि हात धुऊन तसबीह काढली.

त्या मशिदीचा रिवाज असा, की बाईच्या बाजूचा वडीलधारा पुरुष स्वतःच्या तोंडानं हो म्हणाल्याशिवाय इमाम निकाह लावत नसत. दुसऱ्या गावी जा, तिथं इतकं बघत नाहीत, असं आपाला सुचवणारे भेटले. आपा म्हणाली, मी पळून चाललेली नाही. मला त्याच मशिदीत, त्याच लोकांसमोर, भाऊ हो म्हणाला असं सांगून जायचं आहे. म्हणजे तिला भाईजानचं एक 'हो' हवं होतं, शुक्रवारच्या आत. 'नाही' म्हणाले असते तरी चाललं असतं. नाही म्हटल्यावर का नाही, हे इमामांपुढे सांगावं लागलं असतं, आणि वाइंडिंगवाल्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मोठ्यानं जिक्र करतो म्हणून मुलगी देत नाही, असं इमामांसमोर म्हणायची भाईजानची छाती नव्हती. त्यामुळे ते काहीच म्हणत नव्हते. अल्लाचं नाव घेत होते.

खरं कारण भाभीनं भांडी घासताना सांगून टाकलं. आपा गेली तर सोफ्याच्या पाठीला बटणं कोण लावणार. दुकानाचा नावलौकिक त्या बटणांवर होता. बाकी खिळे काय, कुणीही ठोकतं.

सकाळी आपा जिन्यात उभी राहिली. भाईजान वरून उतरता उतरता जिक्रात गेले आणि कठड्याला हात न लावता, डोळे अर्धे मिटून, सरळ तिच्या अंगावरून खाली उतरले. दुपारी ती जेवणाच्या वेळी बोलायला गेली तर त्यांनी जेवणच कमी केलं. घासांतलं अंतर वाढलं आणि त्या अंतरात मणी सरकू लागले. नियमाला कुठं फट आहे का हे आपा शोधत होती. ती सापडली. संडासात अल्लाचं नाव घेत नाहीत. मग आपा संडासाच्या दाराशी जाऊन उभी राहू लागली.

"भाईजान, हो की नाही तेवढं सांगा."

आतून खोकला आला. तिथं बसून बोलणंही बरं नाही, असं त्या खोकल्यातून त्यांनी सुचवलं. त्यानंतर ते आत जास्त वेळ बसू लागले, आणि बाहेर येताना तसबीह खिशातून काढतच येऊ लागले. भाभी म्हणाली, तुमचं भावाबहिणीचं काय ते चालू द्या, पण या घरात आणखी माणसं राहतात, त्यांनाही पोट आहे.

मग आपानं आपली तसबीह काढली. भाईजान खाली दुकानात ज्या स्टुलावर बसत, त्याच्या समोर दुसरं स्टूल ठेवून ती बसली आणि जिक्र करू लागली. भाईजाननी एक डोळा उघडून पाहिलं. तिला ऊठ म्हणावं तर तिच्या तोंडात अल्लाचं नाव. घराचा नियम दोन्ही बाजूंनी कापतो, हे त्यांच्या तेव्हा प्रथम ध्यानात आलं. आता जो आधी थांबेल त्याला बोलावं लागणार होतं. दोघं समोरासमोर बसून मणी सरकवत राहिली. त्या खोलीत अल्लाची इतकी आठवण याआधी कधी निघाली नसेल, आणि इतक्या रागानं तर नक्कीच नाही. एक गिऱ्हाईक आपली खुर्ची बघायला आलं, दोघांचे चेहरे पाहिले, आणि कोण गेलं ते न विचारताच दुःख व्यक्त करून परत गेलं.

वाइंडिंगवाल्याला हे सगळं भाभीकडून कळत होतं. त्यानं निरोप पाठवला की मी येऊन हात जोडू का. आपानं उलट निरोप दिला, तुमचा आवाज ऐकला तर ते आणखी आत जातील.

सोमवारी एका वकिलाच्या ऑफिसचा सोफा पुरा करायचा होता. उंच पाठीचा, गडद हिरव्या रेक्झिनचा, आणि पाठभर खोल बटणं. हे काम एकट्यानं होत नाही. एकजण पुढून लांब दाभण आरपार घालतो आणि बटण धरतो. दुसरा सोफ्याच्या मागे बसून सुतळी ओढतो, बटण फोममध्ये खोल बसलं की मागच्या पट्टीला गाठ मारतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये फक्त फोम आणि गोणपाट. गेली कित्येक वर्षं पुढे भाईजान आणि मागे आपा असंच हे काम चालत आलेलं. अबोला असला तरी वकिलाला सोफा द्यायचा होता, म्हणून दोघं आपापल्या जागी बसली.

भाईजानचे दोन्ही हात कामात होते, त्यामुळे तसबीह खिशात. ओठ मात्र चालू. आपा मागे जमिनीवर बसलेली, कान गोणपाटापासून हातभर अंतरावर. एरवी त्या वेळेला वरच्या मजल्यावर भाभीचा मिक्सर चालू असे, रस्त्यावर टेम्पो उभे असत. त्या दिवशी वीज गेली होती आणि रस्ता खणलेला होता. आपाला पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. तिनं आधी कान काढून घेतला. कुणाचा जिक्र चोरून ऐकू नये. मग तिच्या कानावर एक शब्द पडला आणि तिनं कान परत गोणपाटाला लावला.

"मग मी म्हणालो असतो, आधी आवाज खाली कर," भाईजान पुटपुटत होते. "तो म्हणाला असता, माझा आवाजच असा आहे. मी म्हणालो असतो, मग घरी ठेवून यायचास. इथं सगळे हसले असते. इमामही हसले असते. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं असतं."

दाभण आरपार आला. आपानं सुतळी ओवली, ओढली, गाठ मारली. पुढचं बटण.

पुढच्या बटणाला रेक्झिनचा व्यापारी हरला. त्यानं वाईट माल दिला होता, आणि त्या वेळी भाईजान त्याच्यासमोर डोळे मिटून बसले होते. आता मात्र त्याला अशी काही उत्तरं मिळत होती की तो पाया पडायचाच बाकी होता. त्याच्या पुढच्या बटणाला बैठकीतल्या एका म्हाताऱ्याची खरडपट्टी निघाली. त्यानं अब्बांच्या वेळची मजा आता नाही, असं कधीतरी म्हटलं होतं. पाठीच्या वरच्या ओळीत सुरुवातीला एकदोनदा अल्लाचं नाव येऊन गेलं, अगदी साफ, नीट उच्चारलेलं. मग गाडी परत रुळावरून उतरली.

"आपा रडेल. म्हणेल, चुकले भाईजान. मी लगेच काही बोलणार नाही. थोडं थांबायचं. मग म्हणायचं, जा, जेवणाचं बघ."

आपानं ती गाठ अशी ओढली की बटण फोममध्ये गडप झालं.

"सैल," पुढून भाईजान म्हणाले. चार दिवसांत त्यांनी तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. तिनं सैल केली नाही. वकिलाच्या सोफ्याला ते एक बटण अजून खोलच आहे.

जिक्र करताना मन भटकतं, हे कुणालाही ठाऊक असतं. आपाचंही भटके. चुलीवरच्या दुधाकडे जाई, जुन्या नवऱ्याकडे जाई, कधी नुसतंच खिडकीबाहेर. सापडलं की ती त्याला परत आणून नावापाशी बसवी, आणि ते परत जाई. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण भाईजानचं मन भटकलं नव्हतं. त्यानं तिकडे घर बांधलं होतं, कोर्ट भरवलं होतं आणि न्यायाधीशाची खुर्चीही स्वतःच अडवली होती. आयुष्यात जे जे वाद ते तसबीह काढून टाळत आले, ते सगळे मागाहून ओठांत लढत होते, आणि एकही हरत नव्हते. गुरुवारी दहाबारा माणसं अदबीनं डोळे मिटून ज्यांच्याभोवती बसत, त्यांच्या तोंडात हे चालू असे.

बुधवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आपा इमामांना घरी घेऊन आली. इमाम किडकिडीत, गुडघे धरलेले, जिना चढून आले की थोडा वेळ कुणाच्याच बाजूचे नसत. वाइंडिंगवाला बरोबर आला होता. त्याला आपानं खालीच थांबायला सांगितलं. मोठ्या खोलीत भाईजान होतेच. शिवाय बैठकीतले दोन शेजारी आधीच येऊन बसले होते. त्यांना भाईजाननीच बोलावलं होतं. साक्षीदारांदेखत आपल्याला कुणी टोकणार नाही, असा हिशेब. भाभीनं चहा आणला आणि दाराशी उभी राहिली. आपा तिच्या शेजारी.

इमामांनी फार फिरवाफिरव केली नाही. मुलगा चांगला आहे, नमाजी आहे, कष्टानं खातो. बहिणीची मर्जी आहे. तुमची परवानगी आहे का, एवढं सांगा.

भाईजानचा हात खिशात गेला.

इमाम थांबले. त्यांनी चहा घेतला. भाईजानचे मणी सरकत होते, ओठ हलत होते, चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती. दोन्ही शेजाऱ्यांनी आदरानं माना खाली घातल्या. इमामांचा चहा संपला. त्यांनी कप खाली ठेवला, गुडघा चोळला, परत विचारलं. मणी सरकत राहिले. एका शेजाऱ्यानं दबक्या आवाजात सुचवलं की गप्प आहेत म्हणजे होकारच समजायला काय हरकत आहे.

"कुमारिका लाजून गप्प राहिली तर तो होकार धरतात," इमाम म्हणाले. "यांना दाढी आहे. यांना ती सवलत देता येत नाही."

दुसरा शेजारी हसला आणि लगेच खोकला. भाईजानचे ओठ जरा जोरात हलू लागले. इमामांना आता उत्तर मिळत होतं, आणि ते बहुधा फार लागट असावं.

तेव्हा आपा दारातून पुढे आली. पदर डोक्यावरून नीट घेतला, इमामांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"भाईजान, तेच जरा मोठ्यानं म्हणा ना," ती म्हणाली. "इमामसाहेबांनाही ऐकल्याचा सवाब मिळेल."

मणी थांबले.

हे सोपं वाटतं, पण भाईजानची अडचण लक्षात घ्या. ओठांवर जे होतं ते मोठ्यानं म्हणणं शक्य नव्हतं. त्याऐवजी पटकन अल्लाचं नाव मोठ्यानं घेतलं असतं तर सुटले असते, आणि त्याच क्षणी मशिदीमागच्या बैठकीतले झाले असते, तेही आपल्याच दोन माणसांदेखत, आणि ज्याला मुलगी द्यायची नव्हती त्याच्याच पद्धतीनं. गप्प राहावं तर बहीण समोर उभी, आणि ती काय ऐकून आली आहे हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. तेच सगळ्यात वाईट होतं. ती नुसती वाट पाहत होती, अगदी नम्रपणे, एखाद्या नव्यानं बैठकीत आलेल्या माणसासारखी.

शेजाऱ्यांनी माना वर केल्या. त्यांनाही आता ऐकायची उत्सुकता वाटू लागली होती. इमामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना काय कळलं, किती कळलं, हे त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "घ्या, भाईजान. आम्ही ऐकतो."

भाईजाननी मणी मुठीत आवळले. त्यांनी एकदा तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं.

"आहे परवानगी!" ते ओरडले. "आहे! घेऊन जा तिला! माझी परवानगी आहे!"

त्या खोलीत इतका मोठा आवाज कधी निघाला नव्हता. खाली रस्त्यावर माणसं थांबली. वाइंडिंगवाल्याला वाटलं मारामारी झाली, तो पेचकस हातात घेऊन दोनदोन पायऱ्या चढत वर आला आणि दारात भाभीनं त्याला अडवलं. हो म्हणाले, ती म्हणाली, पेचकस खिशात ठेवा. त्यावर तो मोठ्यानं अल्हम्दुलिल्लाह म्हणाला. कपातले चमचे वाजले. भाईजाननी कानावर हात ठेवायला हात उचलला आणि हातात तसबीह आहे हे पाहून परत खाली आणला.

इमामांनी आपाला रीतीप्रमाणे विचारलं. तिनं साध्या आवाजात सांगितलं, मला मंजूर आहे. मग इमाम गुडघे धरून उठले, शेजारी त्यांच्यामागे गेले. जिन्यात त्यांचं काहीतरी कुजबुजणं चालू होतं. वाइंडिंगवाल्याला भाभी खाली घेऊन गेली. खोलीत दोघंच उरली.

"काय ऐकलंस तू?" भाईजाननी विचारलं.

"तुम्ही जिंकत होता."

त्यांनी तसबीह खिशात घातली.

"प्रत्येक वेळी तुम्हीच जिंकत होता, भाईजान."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. सांगणारही नाही."

"सांग," ते म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "खुशाल सांग. कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर? चोरून ऐकणारी बाई. मशिदीत नाव घेऊन सांग."

"नाही सांगणार," आपा म्हणाली, आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी निकाह झाला. भाईजान आले, जिथं बसायचं तिथं बसले, जिथं सही करायची तिथं केली आणि जेवणाआधी निघून गेले. वाइंडिंगवाल्याची बहीण म्हणाली, तुमचे भाऊ फार अबोल दिसतात. आपा म्हणाली, घरात बोलतात.

ती राहते दोन गल्ल्या पलीकडे. तिनं शब्द पाळला. नवऱ्याला सांगितलं नाही, भाभीलाही नाही, आणि भाभीनं तर नाना तऱ्हेनं काढून घ्यायचा प्रयत्न केला. नेमकं हेच भाईजान तिला माफ करू शकले नाहीत. तिनं गल्लीभर सांगितलं असतं तर त्यांना ती खोटी ठरवता आली असती. त्यासाठी त्यांच्याकडे उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक. गुरुवारी बैठकीत डोळे मिटले की ती उत्तरं ओठांवर येऊन उभी राहतात, आणि समोर आरोप करणारं कुणीच नसतं. आपा तिथंही गप्प. बैठकीतल्या लोकांना अलीकडे वाटू लागलं आहे की भाईजानच्या जिक्रात पूर्वीचं तेज नाही. मध्येच थांबतात, डोळे उघडतात, कुणी जवळ सरकून तर बसलं नाही ना ते पाहतात.

बटणांच्या कामाला त्यांनी भाभीला मागे बसवून पाहिलं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की मला इथून तुमचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येतं, नीट कळत नाही, जरा स्पष्ट बोला. तेव्हापासून दुकानात सपाट पाठीचे सोफे होतात.

कधीमधी बाजारात बहीण समोरून येते. ती थांबून सलाम करते. सलामाला जबाब देणं भाग असतं, आणि पुटपुटलेला जबाब ती ऐकला असं मानत नाही, तशीच उभी राहते. त्यामुळे भाईजानना भर रस्त्यात, भाजीवाल्यांसमोर, मोठ्यानं म्हणावं लागतं, तुझ्यावरही सलामती असो. म्हणतात. मग ओठ घट्ट आवळून ते कोपऱ्यापर्यंत जातात, आणि आपा पिशवी या हातातून त्या हातात घेऊन आपल्या गल्लीला लागते.